डाळमिलच्या पैशावर कबड्डी

नोकरी लागल्याचे पेढे घेऊन घरी गेलो, तेव्हा बायकोनं पेढा हातात धरूनच विचारलं, "डाळमिलला कबड्डीचा संघ कशाला लागतो?" मालकाला नाद आहे, एवढं सांगून वेळ मारून नेली. ती म्हणाली, "नाद सुटला की नोकरी पण सुटंल." तेवीस वर्षं झाली, मालकाचा नाद सुटला नाही आणि माझी नोकरीही सुटली नाही. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आता सवड आहे, म्हणून तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलोय.

आमची मिल लातूरच्या एमआयडीसीत. कागदावर मी गोदाम सांभाळणारा. सकाळी नऊपासून चारपर्यंत तुरीची आवक, बारदाना, काटा आणि ट्रकवाल्यांच्या शिव्या. चारनंतर मिलच्या मागच्या मैदानावर मी संघाचा प्रशिक्षक. मूळचा मुरुडचा. तरुणपणी डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाचा पकडणारा गडी म्हणून खेळायचो. विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचलो आणि तिथंच गुडघा गेला. गुडघा गेलेल्या कबड्डीपटूला आपल्याकडं दोनच कामं मिळतात: शाळेत पीटीचा मास्तर, नाहीतर स्पर्धेत शिट्टी. माझ्यासाठी तिसरं काम आप्पांनी काढलं.

आप्पा म्हणजे मिलचे मालक. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा, सोमवारचा उपास कधी चुकायचा नाही. बोलणं इतकं मऊ की हमालालाही अहोजाहो करायचे. पण हरणं त्यांना सोसायचं नाही. स्वतः मात्र आयुष्यात एकदाही कबड्डी खेळलेले नव्हते. एकदा मी धीर करून विचारलं तर म्हणाले, "बापानं खेळू दिलं न्हाई हो मास्तर. दुकानाच्या पायरीवर बसून पोरांचं बघायचो. आता बाप न्हाई, दुकानाची मिल झाली. आता कोण अडीवतंय?"

बाहेरच्या लोकांना वाटायचं, ही डाळीची जाहिरात. जर्सीवर आमच्या डाळीचं नाव होतं हे खरं, पण जर्सी बघून कुणी तूरडाळ घेत नाही. बाई डाळ शिजते कशी ते बघते. शेजारच्या मिलवाल्यांकडं हंगामाअखेर चार पैसे उरले की ते औसा रोडला प्लॉट घ्यायचे. आप्पांकडं उरले की ते माणसं घ्यायचे. तूर तेजीत असली की आमच्याकडं नवीन चढाईपटू यायचा. भाव पडला की आप्पा म्हणायचे, "मास्तर, औंदा हाय त्याच पोरांना जरा चांगलं शिकवा." त्यामुळं मी सकाळी उठून पेपरात आधी बाजारभाव बघायचो आणि मग क्रीडा पान.

पहिल्या वर्षी आप्पांनी एका झटक्यात सात नावाजलेले खेळाडू आणले. एक सोलापूरकडचा, दोन परभणीचे, एक उदगीरचा, बाकीचे कुठूनकुठून. सगळे चढाईपटू. बाजारात चांगला माल दिसला की उचलायचा, ही व्यापाऱ्याची सवय, तीच त्यांनी इथं लावली. मी म्हणालो, "आप्पा, पकडणार कोण?" ते म्हणाले, "सगळे समोरच्याला मारूनच आले तर पकडायचं कुणाला?" बोलणं बिनतोड होतं. पहिल्याच स्पर्धेत मुरुडजवळच्या एका खेड्यातल्या चुलतभावांच्या संघानं आम्हाला असं धुतलं की अर्ध्या वेळेनंतर प्रेक्षकांनाच आमची कीव आली. त्या पोरांकडं बूटसुद्धा एकसारखे नव्हते. आमच्या सातही जणांना दर वेळी स्वतःलाच चढाईला जायचं होतं, मध्यरेषेवर भांडणं चालली होती. आणि त्यातला उदगीरचा गडी इतका हुशार निघाला की तो सकाळी आमच्याकडून खेळायचा आणि संध्याकाळी निलंग्याकडं दुसऱ्याच नावानं दुसऱ्याच संघाकडून. पेपरात फोटो आला तेव्हा कळलं. आप्पांनी फोटो बारकाईनं बघितला आणि म्हणाले, "तिकडं तर बरा खेळलेला दिसतोय."

त्या वर्षानंतर आप्पांनी मला मोकळं सोडलं. मी एकच अट घातली की खेळाडू स्पर्धेपुरता येणार नाही, मिलमध्ये काम करील आणि मिलच्याच भटारखान्यात जेवेल. आप्पांनी हो म्हटलं, पण कशासाठी ते त्यांना कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पुरतं कळलं नव्हतं. कळलं ते हमालांकडं बघून. भरलेलं पोतं दोघांनी उचलायचं असतं तेव्हा एकाचा श्वास दुसऱ्याला कळावा लागतो. एकानं जरा आधी उचललं की दुसऱ्याची कंबर गेली. म्हणून मी डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा गडी अशी जोडीच पोत्यांवर लावली, उजवीकडच्या दोघांची दुसरी जोडी. चार महिने त्यांनी कुरकुर करत पोती उचलली. पाचव्या महिन्यात त्यांची साखळी पकड अशी बसायला लागली की समोरचा चढाईपटू सुटायचाच नाही. एकमेकांकडं बघायचीही गरज पडत नव्हती. पुण्याहून आलेल्या एका प्रशिक्षकानं मला विचारलं, ही ड्रिल तुम्ही कुठून घेतली? मी त्याला गोदामात नेऊन तुरीची थप्पी दाखवली. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

मग जिंकायला लागलो. लातूर, उस्मानाबादकडं, नांदेडकडं, बिदरपर्यंत. आम्हाला तोडीस तोड एकच संघ होता, अर्धापूरच्या भाऊसाहेबांचा. भाऊसाहेब केळीचे मोठे व्यापारी. त्यांची केळी पिकवायची गार खोल्यांची इमारत, ट्रक थेट दिल्लीकडं जाणारे. आप्पांना डाळीच्या पैशावर जो नाद, तोच त्यांना केळीच्या पैशावर. दोघं एकमेकांचं नाव घ्यायचे नाहीत. आप्पा त्यांना "केळीवाला" म्हणायचे, ते आप्पांना "डाळवाले". स्पर्धेच्या उद्घाटनाला दोघांना शेजारी बसवलं की दोघंही दोन तास समोरच्या मैदानाकडं असं बघायचे जसं शेजारची खुर्ची रिकामीच आहे. वर्षाआड त्यांनी आमचा एखादा खेळाडू न्यायचा, आम्ही त्यांचा आणायचा. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, धंदाच तो.

आता मारोतीचं सांगतो. त्याच्यासाठीच खरं म्हणजे हे सगळं लिहायला घेतलंय.

मारोती किनवट तालुक्यातला, जंगलाकडच्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत राहून शिकलेला. तिथल्या एका स्पर्धेत मी त्याला बघितलं, तेव्हा तो अनवाणी खेळत होता आणि पकडणाऱ्याच्या हाताखालून असा निसटत होता की पंचालाही दोनदा विचारावं लागलं, लागला का सुटला. एकोणिसाव्या वर्षी तो मिलमध्ये आला. सात वर्षं राहिला. बोलणं कमी, आणि जे बोलायचा ते मान खाली घालून. माझ्या घरी दर रविवारी जेवायला यायचा, आणि बायको त्याला वाढताना मला विसरायची.

पण मिलचा पगार गुडघा चालतो तोवरच असतो. हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? एका सरकारी खात्याचा कबड्डी संघ आहे, ते चांगल्या खेळाडूला कायमची नोकरी देतात. वयाची अट असते. मारोतीकडं दोनच वर्षं उरली होती. त्यांची निवड करणारी माणसं त्या वर्षी अर्धापूरच्या स्पर्धेला येणार, असं पक्कं कळलं होतं. मारोतीचं लग्नही त्यातच अडकलेलं. तो मला म्हणायचा, "सर, मुलीकडचे विचारून राहिले, काम काय करता? कबड्डी म्हणलं की चहा देऊन वाटंला लावून राहिले."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडच्या स्पर्धा दोन तऱ्हेच्या असतात. खुल्या गटात कितीही वजनाचा गडी चालतो. वजनी गटात पासष्ट किलोच्या वर काटा गेला की माणूस बाहेर. अर्धापूरला दोन्ही गट असायचे. आमचा संघ पासष्टचा. खुल्या गटात तयार, जाडजूड माणसं लागतात, ती बाहेरून आणावी लागतात. पासष्टला चपळ पोरं चालतात, ती आपल्याच भागात सापडतात. मारोती आला तेव्हा साठचा होता. सव्विसाव्या वर्षी त्याचं अंग भरलं. तीन आठवडे त्यानं संध्याकाळची भाकरी सोडली, उकडलेले मूग आणि काकडीवर राहिला. माझी बायको रविवारी त्याच्यासमोर जेवायची नाही, आत जाऊन जेवायची.

खेळाडूंसाठी आमच्याकडं दवाखान्यात असतो तसला छोटा काटा होता. स्पर्धेच्या आठवड्यात तो बंद पडला. मी म्हणालो, एवढा मोठा गोदामाचा काटा असताना नवा कशाला आणायचा? एकेकाला त्याच्यावर उभं केलं. मारोती उभा राहिला आणि दांडी बरोबर पासष्टवर थांबली. त्याला मी म्हणालो, "झालं बेटा. आता उद्यापर्यंत नुसतं पाणी, तेही घोट घोट." तो पहिल्यांदा दात दाखवून हसला.

अर्धापूरला दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात वजनं चालू होती. आमची बाकीची पोरं काट्यात बसली, त्यांच्याकडं किलो दोन किलोची सवड होती. मारोती चढला. आकडा आला पासष्ट किलो सहाशे. नियमानं एक तासात दुसरी संधी मिळते. दोन स्वेटर घालून, वर माझं जर्किन घालून तो केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर पळत सुटला. मी कुणाचीतरी सायकल मागून घेऊन त्याच्या मागं. सकाळी नऊचं ऊन, घामानं त्याच्या चपला सटकत होत्या. तासानं परत आलो. पासष्ट किलो दोनशे.

मग मी जो तमाशा केला, तो आठवला की आजही कान गरम होतात. सगळ्या संघांसमोर ओरडलो की तुमचा काटा खोटा आहे, केळी मोजायचा काटा माणसाला लावलाय, आमच्या काट्यावर पोरगं बरोबर पासष्ट भरलंय. भाऊसाहेब तिथंच होते. ते चिडले नाहीत. माणूस पाठवून त्यांनी शिक्क्याची वजनं मागवली आणि एकेक काट्यावर ठेवायला लावली. वीस, चाळीस, साठ. आकडा ग्रॅमनंही हलला नाही. ते म्हणाले, "मास्तर, तुमचा काटा कोण बसवतंय?"

आमचा काटा मीच बसवायचो. डाळ मोजताना गिऱ्हाइकाला पोत्याचं वजन पडू नये म्हणून रिकामं पोतं काट्यावर ठेवून मग दांडी शून्यावर आणायची, अशी आमच्या मिलची रीत. पुढं जे भरतं ती निव्वळ डाळ. वीस वर्षं मी रोज सकाळी हेच करत होतो, आणि आप्पांच्या मिलच्या काट्यात एक दाणाही इकडचा तिकडं होत नाही म्हणून छाती काढून सांगत होतो. त्याच काट्यावर मी पोरांना उभं केलं होतं, आणि प्रत्येकाच्या वजनातून एक रिकामं पोतं वजा करून टाकलं होतं. सहाशे ग्रॅम. माझ्या इमानदारीचेच सहाशे ग्रॅम पोराला नडले.

मारोती व्हरांड्याच्या पायरीवर बसून स्वेटर काढत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "सर, काल मी पेरूची एक फोड खाल्ली होती. तिचंच असंल."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि काट्याचं, पोत्याचं, सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. स्वेटरची घडी घातली, दुसऱ्याची पण घातली. मग म्हणाला, "म्हंजे फोड खाल्ली नसती तरी न्हाई." मला त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमचा संघ उपांत्य फेरीत हरला. निवडीची माणसं आली, दोन दिवस बसली, दुसऱ्याच कुणाची नावं लिहून गेली. मारोती संघाच्या बाकावर बसून पोरांना पाण्याच्या बाटल्या देत होता.

आप्पांना सांगायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. राजीनामा खिशातच होता. आप्पांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "काटा कुणी बसवला व्हता?"

"मीच."

"गिऱ्हाइकाचं नुकसान हू न्हाई म्हणूनच ना?"

"हाव."

"मग ते खिशातलं काय हाय ते खिशातच राहू द्या."

मी तिथंच विषय काढला. म्हणालो, आप्पा, मारोतीचं एकच वर्ष राहिलंय. त्याचं अंग आता पासष्टमध्ये बसत नाही, उपाशी ठेवलं तर चढाईतला दमच जाईल. पुढच्या वर्षी आपण खुल्या गटात उतरू. आप्पांनी मान हलवली. "आपला संघ पासष्टचा हाय मास्तर. एका पोरासाठी आख्खी मिल बदलत न्हाईत." त्यांचंही चूक नव्हतं. पासष्टचा संघ त्यांनी पंधरा वर्षं खपून उभा केला होता.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "चूक तुमची हाय ना? मग निस्तरायची पण तुम्हीच." एवढं बोलून तिनं मेथीची जुडी माझ्याकडं सरकवली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

भाऊसाहेबांचा खुल्या गटाचाही संघ होता. मी गुरुवारी रजा टाकली, मारोतीला घेतलं, नांदेडची एस्टी पकडली आणि तिथून अर्धापूर. आप्पांना काही सांगितलं नाही. वीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं, त्याचा सगळ्यात चांगला गडी त्याच्याच वैऱ्याच्या दारात नेऊन उभा करायचा, हे काम मी करत होतो. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा उतरून परत जावं असं दोनदा मनात आलं.

भाऊसाहेब आम्हाला बघून उठून उभे राहिले. "मास्तर, गडी विकायला आलाव का काय?"

"न्हाई, द्यायला आलोय. त्याला खुल्या गटात खेळवा. पुढच्या वर्षी निवडीची माणसं येतील तेव्हा तो मैदानावर पाहिजे."

"आप्पांना ठाऊक हाय?"

"न्हाई."

ते बराच वेळ मारोतीकडं बघत राहिले. केळीचा घड बघावा तसं, वरून खालपर्यंत. मग म्हणाले, "ठेवतो. पिकवायच्या खोल्यांवर काम देतो, राहायला जागा देतो. पण एक ऐका. तुमच्या संघाशी गाठ पडली तर तुम्ही त्याला धरायला कमी करायचं न्हाई. न्हाईतर लोक म्हणतील डाळवाल्याचं न् केळीवाल्याचं आतून ठरलंय. त्यात पोराचंच नाव जाईल."

मी शब्द दिला.

मारोतीनं आप्पांना जाऊन स्वतःच सांगितलं की मी अर्धापूरला चाललोय. माझं नाव घेतलं नाही. आप्पांनी त्याला शाल दिली, नारळ दिला, "नीट खेळ" म्हणाले आणि त्या दिवशी दिवसभर चिडचिड करत राहिले. आठवड्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. "मास्तर, खुल्या गटात उतरायचं."

मी म्हणालो, आप्पा, मागच्या महिन्यात तर तुम्ही...

"मागच्या महिन्यात तो केळीवाला आपला गडी घेऊन गेला नव्हता. औंदा तूर चांगली हाय. हरयाणाचे दोन गडी बघा."

पोराला मी ज्या खुल्या गटात सोडून आलो, त्यातच आप्पा आता माझ्या मागोमाग निघाले होते. महिनाभर आधी हो म्हणाले असते तर एस्टीची तिकिटं वाचली असती. पण बोलून काय उपयोग? हरयाणाचे दोन गडी आले. एकेक म्हणजे लोखंडी कपाट. भटारखान्यातल्या मावशींनी पहिल्याच दिवशी हात टेकले, म्हणाल्या, "हे पोळ्या मोजून खात न्हाईत, थप्पी मारून खातात." त्यांनाही मी पोत्यांच्या जोडीला लावलं. त्यांना ते काम इतकं आवडलं की हमाल माझ्याकडं तक्रार घेऊन आले, आमच्या पोटावर पाय देऊ नका म्हणून.

पुढच्या वर्षी अर्धापूरला खुल्या गटाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आम्ही आणि भाऊसाहेब. पहिल्या रांगेत निवडीची तीन माणसं वह्या घेऊन बसलेली. त्यांच्या एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला भाऊसाहेब. मारोती समोर केशरी जर्सीत. अंग भरलेलं, चेहऱ्यावर तेज. गेल्या वर्षी काकडी खाऊन वाळलेलं पोरगं हेच का, असं वाटावं.

सामना शेवटच्या चढाईपर्यंत ओढला गेला. आम्ही एका गुणानं पुढं. आमचे तीन गडी आत, चढाई मारोतीची. पकडला तर आम्ही जिंकलो, आणि त्या वह्यांमध्ये शेवटचा शेरा पडणार तो पकडला गेल्याचा. आम्हाला वेळ मागायची संधी शिल्लक होती. मी ती घेतली.

मारोतीची एक खोड मला माहीत होती. मागं वळताना त्याचा डावा पाय अर्धा क्षण जमिनीवरच रेंगाळायचा. सात वर्षं मी त्यासाठी त्याच्यावर ओरडलो, पण खोड गेली नव्हती. ही गोष्ट त्या मैदानावर फक्त मला ठाऊक होती. न सांगता गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण मी आप्पांचा पगार घेत होतो, भाऊसाहेबांना शब्द दिला होता, आणि त्याहून मोठं म्हणजे मारोतीला कुणी सोडून दिलेला विजय नको होता, हेही मला माहीत होतं. हरयाणाच्या कोपऱ्याला जवळ घेतलं आणि आमच्या लातूरच्या हिंदीत सांगितलं, "वो पलटते टाइम डावा पाँव पीछे छोड़ता. उसकू उधरच पकड़ो." सांगताना तोंड कडू झालं. बाकावर परत येऊन बसलो.

मारोती आत आला. डावीकडं गेला, उजवीकडं गेला, मग वळला. आणि डावा पाय मागंच राहिला. आमचा कोपरा त्यावर झेपावला. त्याला मागून आधार द्यायला शेजारचाही धावला, पोत्यांनी शिकवलं होतं तसं, एका श्वासात. पण पाय तिथं रेंगाळला नव्हता, ठेवलेला होता. कोपऱ्याची बोटं घोट्याला लागली तोवर पाय वर उचलला गेला होता. मारोती शेजारच्याच्या खांद्यावर हात टेकून दोघांवरून उडाला आणि मध्यरेषेपलीकडं जाऊन पडला. दोन गुण. आम्ही एका गुणानं हरलो.

मी बाकावर बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते लपवायचंही सुचलं नाही. हरलेल्या संघाचा प्रशिक्षक रडतोय म्हणून लोकांनी सांत्वन केलं.

मारोती सरळ माझ्याकडं आला. मी विचारलं, "तुला कळलं कसं रे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "सर, सात वर्षं तुम्ही त्याच पायावर ओरडून राहिले. तुम्ही त्यांना सांगणारच, मला ठाऊक होतं. वर्षभर तेवढंच करून राहिलो."

त्याच्या नोकरीचं पत्र दोन महिन्यांनी आलं. आता तो मुंबईकडं असतो, लग्न झालं. मुलीकडच्यांनी जेवायला घालून पाठवलं, असं फोनवर सांगत होता. त्याचं एक वर्ष माझ्या काट्यानं खाल्लं, ती बोच काही जात नाही. पण ती बोच सोडली तर तेवीस वर्षांबद्दल माझी तक्रार नाही.

सामना संपल्यावर त्या दिवशी आप्पा मला म्हणाले, माझ्याच गाडीत बसा. लातूरकडं निघालो. लोहा गेलं तरी ते बोलले नाहीत. हरल्यावर ते असेच असायचे. पण मला आता राहवत नव्हतं. म्हणालो, "आप्पा, एक सांगायचं हाय. मारोतीला भाऊसाहेबांनी नेलं न्हाई. मीच नेऊन दिला. रजा टाकून गेलो व्हतो. तुम्हाला न सांगता."

ड्रायव्हरनं आरशातून एकदा माझ्याकडं बघितलं. आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

मग म्हणाले, "कशानं नेला?"

"काय आप्पा?"

"त्याला अर्धापूरला कशानं नेला?"

"एस्टीनं."

आप्पा पुरते माझ्याकडं वळले. तेवीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आमच्या मिलचा गडी एस्टीनं गेला? मास्तर, दारात दोन गाड्या उभ्या व्हत्या. काय म्हणला असंल तो केळीवाला?"